साधनाबाईची वीस चिंध्यांची दोरी

“एकावर उभी राह्य आंधी. एकावर! अवं माय, ते दोन होय. मांगं सरक. अजून सरक. हां. आता वाक खाली अन सांग, कितवी चिंधी?”

“एक.”

“मोठ्यानं बोल ना! घरी भावाले शिव्या देते तव्हा त अख्ख्या गावाले आयकू येते.”

“एऽऽक!”

“आता कसं. चाल पुढं.”

पाच वर्षांच्या अपेक्षानं फ्रॉकच्या ओच्यातून एक चिंचोका काढला, दोरीला बांधलेल्या पहिल्या चिंधीपाशी ठेवला, शेजारच्या ओल्या मातीत बोटानं एकाचा आकडा काढला आणि दुसऱ्या चिंधीकडे गेली. तिच्या मागे प्रेम, त्याच्या मागे तांड्यावरचे दोन जुळे. ते जुळे “एक, दी, तीन” असं त्यांच्या घरच्या बोलीत मोजत होते. त्यांना कोणी टोकलं नाही. साधनाबाईचं म्हणणं, दोनाला दी म्हटल्यानं चिंधी काही जागची हलत नाही.

साधनाबाई मनवर म्हणजे आमच्या रुईतळ्याच्या अंगणवाडीची बाई. दिग्रसवरून पुसदकडे जाणाऱ्या येष्टीनं फाट्यावर उतरलं आणि कोणालाही विचारलं की अंगणवाडी कुठे, तर तो सांगेल, जिथं अंगणात दोरी ताणलेली दिसते तिथी. गावात पाटी वाचून अंगणवाडी ओळखणारा माणूस मी अजून पाहिला नाही. या तीस जूनला बाईंना पासष्ट पुरी होतात, म्हणजे घरी बसायचं. त्या दिवशी जूनची अठरा तारीख होती. बारा दिवस राहिले होते.

ती दोरी सरकी टोबायची आहे. आमच्याकडे कापूस टोबतात. वावराच्या दोन्ही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, दोन खुट्या ठोकायच्या, त्यांना दोरी ताणायची. दोरीला सारख्या अंतरावर चिंध्या बांधलेल्या. बायांनी ओळीनं उभं राहायचं, चिंधीपाशी भोक करायचं, दोन सरक्या टाकायच्या, माती लोटायची, पुढच्या चिंधीवर जायचं. एक ओळ झाली की म्हणायचं, एक तास झालं. मग खुट्या उपटून एक पाऊल पुढे, दोरी ताणली की दुसरं तास. आमच्या भागात जन्मलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. आईच्या पाठीवर बसून तिनं ते पाहिलेलं असतं.

अठ्ठ्याऐंशी साली अंगणवाडी आली तेव्हा साधनाबाई अठ्ठावीसच्या. माहेर ढाणकीकडचं, शिक्षण नववी. दहावी पुढे इथं येऊन दिली, पोटात दुसरं पोर असताना. इमारत नव्हती, म्हणून अंगणवाडी विहाराच्या पडवीत भरायची. साहित्य म्हणाल तर एक हजेरीपट आणि एक घंटा, तीही चिरलेली. पोट्टे एक ते वीस पोपटासारखे म्हणायचे, आणि पुढ्यात सात काड्या टाकल्या की कोणी पाच म्हणे, कोणी अकरा. एकानं तर ‘लाल’ म्हटलं.

मग त्या जूनमध्ये एक दिवस अंगणवाडीत कोणीच आलं नाही. सगळ्या बाया वामनरावांच्या वावरात टोबायला गेलेल्या, पोरं त्यांच्यासोबत. बाई हजेरीपट काखेत मारून तिकडे निघाल्या, पोट्ट्यांना हाकून आणायला. धुऱ्यावर पोचल्या तर काय, पोट्टे आयांच्या मागं मागं दोरीवरून चालून राहिले होते. प्रत्येक चिंधीवर वाकायचे, काहीतरी टाकल्याचं सोंग करायचे आणि पुढे जायचे. एकही चिंधी चुकत नव्हते. काल ज्यानं सात काड्यांना अकरा म्हटलं होतं तोही नाही.

बाई तशाच वामनरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, जुनी दोरी असन त द्या एखादी.”

“कायले? पोट्टे बांधून ठेवतं का?”

“हाव. तुमचेही धाडा, त्यायलेही बांधतो.”

वामनराव हसले. दोरी दिली, पण पोट्टे काही धाडले नाहीत. विहाराच्या पडवीत कुणब्याचं पोर बसवायचं म्हणजे त्या काळात घरात दोन दिवस बोलणी व्हायची. ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनी दोरी खांद्यावर टाकली आणि घरी आणली.

दोरी लांबलचक होती, पन्नासेक चिंध्यांची. पडवीपुढचं अंगण वीस चिंध्यांचं. बाईंचा नवरा गोविंदा यानं विळा घेतला आणि वीस चिंध्या मोजून दोरी तोडली. पहिल्या चिंधीच्या अलीकडे खुटीला बांधायचं दोन-अडीच हातांचं शेपूट होतं, तेही काढून टाकलं. घरी त्याच आठवड्यात पाट, म्हणजे कोवळी बकरी, घेतली होती, तिला दावं पाहिजे होतं. बाईंनीही काही म्हटलं नाही. शेपटाला चिंधी नव्हती, मग त्याचा उपयोग काय? दहाव्या आणि विसाव्या चिंधीच्या जागी बाईंनी सासूच्या जुन्या लुगड्याच्या लाल काठाचे तुकडे बांधले, बाकीच्या पांढऱ्याच राहू दिल्या.

वीसपर्यंत झालं की दोरी एक पाऊल सरकवायची, वावरात सरकवतात तशी. दुसऱ्या तासाची पहिली चिंधी एकवीस. तिसऱ्याची एक्केचाळीस. पाच तासं टोबली की शंभर. ज्याचं तास पुरं व्हायचं त्याला बाई पडवीच्या भिंतीला पाठ टेकवून उभं करायच्या आणि सर्वांना सांगायच्या, “याचं वावर झालं. याले पानी द्या.” त्या पाण्याची चव फ्रीजच्या पाण्याला नाही. मी ते पाच वेळा प्यालेलो आहे, म्हणून सांगतो.

त्यावरून गावात एक रीतच पडून गेली. पाराजवळ बसलेला म्हातारा अंगणवाडीतल्या पोराला नाव विचारत नसे, “कितव्या तासाले हायेस बे?” असं विचारे. पोट्टा “तिसऱ्या” म्हणाला की म्हातारा समजून जायचा की याला एक्केचाळीसच्या पुढं मोजता येते. लग्नाच्या पत्रावळी मोजताना आजही आमच्याकडची पोरं शंभर झाले की “पाच तासं” म्हणतात आणि परगावचे पाहुणे घड्याळ पाहतात.

वामनरावांचा अंकुर चार वर्षांचा होता तेव्हा त्यानं घरच्यांना न सांगता दोरी गाठली. दुपारी वामनराव काठी घेऊन त्याला शोधत आले. अंकुर दुसऱ्या तासात होता, सत्तावीसवर वाकलेला. वामनराव काठी टेकून उभे राहिले. अंकुरनं अठ्ठावीसवर सरकी टाकली, एकोणतीसवर टाकली, लाल चिंधीवर पोचला आणि वर पाहिलं तर बाप. ते पोर तिथंच मुतलं. वामनराव एवढंच म्हणाले, “तास पुरं कर अन जेवाले येजो.” दुसऱ्या दिवशी पाटलांच्या आळीतली आणखी चार पोरं आली. बाईंनी त्यांनाही शेवटी उभं केलं, कारण रांग होती.

तेव्हा खरी सरकी वापरायचे. दिग्रसच्या जिनिंगमधून कोणीतरी चुंगडीभर, म्हणजे पोतंभर, आणून टाकायचं. तिला रुवाची लव असायची, पोरांच्या बोटांना गुदगुल्या व्हायच्या. पुढे कंपनीची पाकिटं आली. ती सरकी रंगवलेली, वर विष चोपडलेलं. बाईंनी पहिलं पाकीट पाहिलं त्याच दिवशी सरकी बंद केली आणि चिंचोके आणले. बाकी काही बदललं नाही. पडवी जाऊन सरकारी खोली झाली, घंटा जाऊन मोबाइल आला, त्यात पोरांची वजनं भरायची, फोटो काढायचे. दोरी मधून मधून तुटायची, गाठ मारली जायची. चिंध्या कुजायच्या, नव्या बांधल्या जायच्या. आता त्या दोरीत वामनरावांची दोरी किती राहिली असेल हे बाईंनाही सांगता येणार नाही.

सदतीस वर्षं हे असं चाललं. अठरा जूनला मोनालीनं ते थांबवलं.

मोनाली राठोड ही अंगणवाडीची मदतनीस, तांड्यावरची सून, बी.ए. झालेली. बाई गेल्यावर तीच बाई होणार होती. पोरगी हुशार आणि कामाला खमकी, खिचडीला एका हातानं फोडणी देते आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर हजेरी भरते. आठ दिवसांपूर्वी ती प्रशिक्षणाहून आली होती, तिथला उड्यांचा खेळ तिच्या डोक्यात होता.

“ताई, मी एक करून पाहू का दोरीवर?”

“पाह्य ना. दोरी काय माह्या बापाची हाये?”

मोनालीनं अपेक्षाला दोरीच्या सुरुवातीला उभं केलं. “आता तीन उड्या मार. एका चिंधीवरून दुसऱ्या चिंधीवर. मार.”

अपेक्षानं तीन उड्या मारल्या.

“कुठी आली?”

“चार.”

“उड्या किती मारल्या?”

“तीन.”

“मंग चार कशे आले?”

अपेक्षानं कमरेवर हात ठेवले. ती अंकुरची पोरगी, वामनरावांची नात, तिला वाद घालायला शिकवावं लागलं नव्हतं. “एक आंधीच होता ना! मी त्याच्यावरच त उभी होती!”

मोनालीनं प्रेमला बोलावलं. पाच उड्या, सहा आले. जुळ्यांना बोलावलं. दोन उड्या, तीन आले. जो आला तो एक जास्त. मोनाली खाली बसली, तिनं पिशवीतून प्रशिक्षणात मिळालेला छापील पट्टा काढला. त्यावर एकाच्या अलीकडे गोल शून्य होतं.

“ताई, हे पाहा. उडी शून्यावरून माराची असते. आपल्या दोरीले शून्यच नाही. एक आठवड्यानं हे पोट्टे पहिलीत जातीन. तिथी गुरुजी म्हनन तीन उड्या मारा, अन हे चारावर जाऊन उभे राह्यतीन.”

बाईंनी पट्टा हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. त्यांना शाळेतले जुने गुरुजी आठवले. ते दर वर्षी जूनमध्ये म्हणायचे, “बाई, तुमचे पोट्टे म्हणजे एक उडी जास्तीच मारतात.” गुरुजी बदलले, नवे आले, तेही म्हणायचे. बाई हसून पदर सावरायच्या. त्यांना ती तारीफ वाटत होती. किती वर्षं? वीस? पंचवीस?

“ताई, राग नोका धरू.”

“राग कायचा. खिचडी लागून राह्यली पाह्य खाली.”

पण मोनालीला आणखी एक बोलायचं होतं, ते ती खिचडी उतरवून झाल्यावर बोललीच. तीस तारखेला चार्ज द्यायचा होता. त्याची यादी बाई दोन दिवसांपासून करत होत्या. वजनकाटा एक, झोळी एक, उंची मोजायची पट्टी एक, तक्ते अकरा, पैकी तीन फाटके. शेवटी बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘दोरी, एक.’ दोरी सरकारी नव्हती, ती यादीत येत नाही. पण यादीत आली की कोणी फेकत नाही, आणि पुढच्या बाईला ती वापरावी लागते, हा बाईंचा हिशेब. मोनालीनं ती ओळ पाहिली होती.

“तुमी म्हनान त मी दोरी ठेवीन, ताई. खुटीवर टांगून ठेवीन. पन तिच्यावर शिकवनं… माह्यानं नाही होनार. पोट्ट्यायचं गनित चुकते ना.”

बाईंनी यादी घडी करून हजेरीपटात ठेवली. अडीचला अंगणवाडी सुटली. पोट्टे गेले. दोरी गुंडाळताना बाईंनी रोजच्यासारख्या चिंध्या मोजल्या नाहीत.

घरी जायची वाट अंकुरच्या वावरावरून जाते. पेरणीची घाई होती, सगळ्या शिवारात माणसं वाकलेली. अंकुरच्या वावरात दोरी ताणलेली होती आणि सहा-सात बाया टोबत होत्या. धुऱ्याकडच्या टोकाला रुखमाबाई होती. रुखमाबाई साधनाबाईंची जोडीदारीण. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी गावात आल्या, एकाच दोरीवर रोजानं गेल्या. मग एक अंगणवाडीत गेली, एक दोरीवरच राहिली.

“काहून वं साधने, तोंड काहून पडलं? नवरा मेला का?”

“तो कायचा मरते. घरी बकऱ्या चारून राह्यला.”

“मंग ये ना टोबाले. बारा दिवसानं तसंही रोजानंच यावं लागते तुले. हात हाये का अजून, का लेखनी धरू धरू वाया गेला?”

बाया हसल्या. अंकुर पलीकडच्या खुटीजवळ उभा होता, तो म्हणाला, “बाईले नोको सांगू काकू, बाई आमच्या मास्तरीन होय.”

“तुही मास्तरीन असन. माही त साधनी हाये. हे घे.” रुखमाबाईनं ओच्यातली मूठभर सरकी बाईंच्या हातात ओतली. “हात धुवून घेजो मंग, विष हाये त्याले. ये, माह्या जागेवर लाग. माही कंबर सरळ करू दे दोन मिनिट.”

बाईंनी चपला धुऱ्यावर काढल्या, लुगडं खोचलं, दोरीच्या टोकाला गेल्या, वाकल्या आणि बोटानं भोक केलं.

रुखमाबाई ओरडली, “अवं मायबाई! धुऱ्यात टोबतं का?”

बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. त्या खुटीपाशी होत्या. पहिली चिंधी पुढे होती, एक पाऊल वावरात. खुटी धुऱ्याला, आणि धुऱ्यात कोणी सरकी टोबत नाही. नांगराचा फाळ तिथंवर येत नाही, तिथं गवत, बांधाची बोर, माणसांची पायवाट. हे बाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. पण सदतीस वर्षं त्यांच्या अंगणातली दोरी पहिल्या चिंधीपासूनच सुरू होत होती, म्हणून पायांनी सवयीनं दोरीचं टोक गाठलं.

“धुऱ्यात कापूस लावते मास्तरीन!” रुखमाबाईनं सगळ्या वावराला सांगितलं. “बकऱ्यायची सोय करून राह्यली नवऱ्याच्या!”

बायांना हसू आवरेना. एक खालीच बसली. बाई उभ्या राहिल्या, खुटीकडे पाहिलं, पहिल्या चिंधीकडे पाहिलं. मग खुटीपासून एक पाऊल टाकलं आणि चिंधीवर आल्या. म्हणाल्या, “एक.” पुन्हा मागे गेल्या. पुन्हा पाऊल टाकलं. “एक.” पुढं गेल्या. “दोन. तीन.” थांबून वळल्या.

“रुखमे, मी किती पावलं आली?”

“मले काय पुसतं? तीन.”

“अन चिंधी कोनती?”

“तिसरी. तुले ऊन लागलं का वं?”

“मंग खुटी कितवी?”

“खुटी कायची कितवी? खुटीले काय नंबर असते? तिथी काहीच नाही.”

“हां,” बाई म्हणाल्या. “तिथी काहीच नाही.”

मग त्यांनी रुखमाबाईच्या जागी ते तास पूर्ण केलं. एकही चिंधी सोडली नाही, पण शेवटी कंबर धरून उभ्या राहिल्या तेव्हा रुखमाबाईला बोलायला आणखी विषय मिळाला. अंकुरनं पाण्याची कॅन आणून दिली आणि हसत म्हणाला, “बाई, तुमचं वावर झालं.” बाईंनी साबण मागितला, हात दोनदा धुतले, मग पाणी प्याल्या आणि निघाल्या. जाताना मागे वळून खुटी एकदा पाहून घेतली.

घरी गोविंदा अंगणात बसून बिडी ओढत होता. बकऱ्या नुकत्याच आणून बांधल्या होत्या.

“अवो, ती दोरी तोडली होती ना तुमी, अठ्ठ्याऐंशीले.”

“कोनती दोरी?”

“वामनरावाची. पाट घेतली होती आपन, पांढऱ्या कानाची. तिले दावं केलं होतं टोकाचं.”

गोविंदानं बिडी विझवली. म्हाताऱ्याला बकरीचं सगळं आठवतं, लग्नाची तारीख आठवत नाही. “हाव. तिले तीन खेपा जुळे झाले. दुसऱ्या खेपेले…”

“तुमी माहा शून्य बकरीच्या गळ्यात बांधला.”

“काय बांधलं?”

“शून्य. सदतीस वर्षं पोट्टे एक उडी जास्त मारून राह्यले.”

गोविंदानं विझलेली बिडी कानावर ठेवली. “मंग तव्हाच सांगाचं ना. दुसरं दावं आनलं असतं.”

गोष्ट खरी होती. त्या गोठ्यात गेल्या, सगळ्यात जवळच्या बकरीचं दावं सोडलं, हातानं मापलं, अडीच हात भरलं. चांगलं होतं, सुताचं.

“अवं, मंग हिले कायनं बांधू?”

“तुमच्या गमछ्यानं बांधा.”

दुसऱ्या दिवशी मोनाली आली तेव्हा बाई अंगणात उकिडव्या बसून दगडानं खुटी ठोकत होत्या. दोरीला पहिल्या चिंधीच्या अलीकडे नवं शेपूट जोडलं होतं, आणि ते खुटीला बांधलं होतं. खुटी ते चिंधी, चिंधी ते चिंधी, अंतर सारखं. बाईंनी तळपायांनी मापून घेतलं होतं.

“ताई, शून्याची चिंधी कोन्या रंगाची बांधाची? माह्याजवळ निळा कपडा हाये.”

“शून्याले चिंधी कायले? तिथी काही टोबलं नाही त चिंधी कायची बांधतं? नुसती खुटी पुरे.”

मोनालीनं खुटीकडे पाहिलं. मग काहीतरी समजल्यासारखी हसली आणि पदर तोंडाला लावला. “धुरा!” ती म्हणाली. ती कापसाच्या वावरातच वाढली होती, तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

पोट्टे आले. बाईंनी अपेक्षाला बोलावलं.

“इथी उभी राह्य. खुटीवर.”

“इथी त चिंधीच नाही!”

“म्हनूनच. तू धुऱ्यावर हायेस. अजून टोबाले लागली नाही. तुह्याजवळ किती टोबून झाले?”

“काहीच नाही.”

“त्याले शून्य म्हनते. आता मोनालीताई सांगन तशा उड्या मार.”

“तीन,” मोनाली म्हणाली.

अपेक्षानं तीन उड्या मारल्या. पायाखाली पाहिलं. मागे खुटीकडे पाहिलं. तिला संशय आला की कोणीतरी दोरी सरकवली आहे. ती परत गेली आणि पुन्हा तीन उड्या मारून आली.

“तीन,” ती म्हणाली, थोडी नाराजीनंच.

“कालचा चार कुठी गेला?” बाईंनी विचारलं.

“काल मी वावरातूनच निघाली होती. आज धुऱ्यावरून आली.”

मोनालीनं बाईंकडे पाहिलं. बाई प्रेमचं नाक पुसत होत्या. प्रेमनं पाच मारल्या, पाच आले. जुळ्यांनी दोन मारल्या, दी आले. सगळ्यांचं झालं तेव्हा मोनालीला राहवलं नाही, तिनं स्वतःच दोरी एक पाऊल सरकवली, खुटी ठोकली आणि अपेक्षाला विचारलं, “हे दुसरं तास. आता खुटीवर तू उभी राह्यली त कितीवर हायेस?”

अपेक्षा म्हणाली, “शून्य.” तिनं कालच्या तासाच्या शेवटच्या लाल चिंधीची जागा पाहिली, तिथं मातीत वीस लिहिलेला अजून पुसला नव्हता. मग पुन्हा खुटी पाहिली. “नाही, नाही! एक तास झालं ना आंधी. वीस. मी विसावर उभी हावो.”

“हे त मलेही सुचलं नव्हतं,” मोनाली म्हणाली.

“मलेही नाही,” बाई म्हणाल्या. “सदतीस वर्षात.”

दुपारी खिचडी झाल्यावर मोनालीनं हजेरीपटातून चार्जची यादी काढली. पेन्सिलीनं लिहिलेली शेवटची ओळ वाचली, पिशवीतून पेन काढला आणि त्या ओळीवरच शाईनं लिहिलं: ‘दोरी, एक, खुटीसह.’ खाली घेणाराच्या जागी सही करायला गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, “थांब, तीस तारखेले करजो. अजून अकरा दिवस माही हाये ते.”

मग त्यांना ते शेकडो पोट्टे आठवले असतील, एक उडी जास्त घेऊन पहिलीत गेलेले. कोणी लोहारा गावच्या कारखान्यात पट्टीनं लोखंड मापतो, कोणी येष्टीत तिकिटं फाडतो, अंकुर वावर मापतो. सगळ्यांचं कुठे ना कुठे पुढं ठीक झालं. मी दारातच उभा होतो, विचारलं, बाई, वाईट वाटते का? बाई म्हणाल्या, “वाटते ना. काहून नाही वाटनार? गुरुजी सांगून राह्यला होता अन मी दात काढून राह्यली होती.” एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठ केली, कारण बाहेर बाया लहान पोरं काखेत घेऊन येऊन बसल्या होत्या. तो वजनाचा दिवस होता.

आढ्याच्या कडीला टांगलेला काटा बाईंनी साफ केला, त्याला झोळी अडकवली, डोळे बारीक करून सुई पाहिली. रिकाम्या झोळीनं सुई थोडी पुढे गेली होती. बाईंनी वरचा स्क्रू फिरवून ती मागे आणली.

“चाल वं मोनाली, शून्यावर आला. पहिलं पोट्टं दे इकडे. अन त्याची चड्डी काढ आंधी, ओली हाये.”